मुलाने केल्यासारखं

बॅटरीमामाच्या बाहेरच्या खोलीच्या छताला सोळा दिवे होते आणि त्यातले दोनच लागत. उरलेले चौदा बायकोने स्टुलावर चढून काढले होते आणि खोक्यात भरून ठेवले होते. कर्ज फिटल्यावर परत लावू, असं तिने जाहीर केलं होतं. लावायची तिची इच्छा नव्हतीच.

खोली दहा बाय बाराची. असल्या खोलीला पीओपीचं नक्षीदार छत करून घ्यायचं माणसाला सुचतं कुठून? साडूकडून. साडू हे नातंच मुळात कर्ज काढायला लावणारं. दोन बहिणींची लग्नं झाली, एवढ्या एका कारणावरून दोन परक्या पुरुषांनी जन्मभर एकमेकांच्या घरातल्या वस्तूंवर डोळा ठेवायचा. साडूने आपल्या घरी असं छत केलं, फोटो पाठवले, आणि पुढच्या महिन्यात तुमच्याकडे चक्कर मारतो म्हणाला. झालं. एका फोनवर कर्ज देणारी एक फायनान्स कंपनी बॅटरीमामाला रोज फोन करतच होती. त्या दिवशी त्याने तो उचलला.

छत झालं. ते एक फूट खाली आलं आणि त्याच्याबरोबर पंखाही खाली आला. घरात उभ्याने सदरा घालायचा तर आधी पंखा बंद करावा लागे. साडू आला, चाळीस मिनिटं बसला, वर बघितलं आणि म्हणाला, "उंची फार कमी झाली रे. आमची मुळात जास्त होती ना." मग चहा प्यायला आणि गेला. त्या चाळीस मिनिटांचे हप्ते छत्तीस होते.

हा बॅटरीमामा एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. परीक्षानळ्या धुवायच्या, भिंगं पुसायची, बाई शिकवायला येण्याआधी टेबलावर सगळं मांडून ठेवायचं, बाई गेल्या की आवरायचं. सेल चालू आहे की मेलाय हे तो यंत्राने बघत नसे. तारेची दोन टोकं जिभेला लावी आणि सांगे, "आहे अजून जीव." त्यावरून मुलांनी नाव ठेवलं आणि ते मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या तोंडीही बसलं. बावीस वर्षांत विज्ञानाच्या अकरा बाई आल्या आणि गेल्या. त्यातल्या निम्म्यांना विद्युतघंटा वाजवून दाखवायची तर आधी बॅटरीमामाला हाक मारावी लागे. पगार मात्र त्यांचा त्यांना आणि ह्याचा ह्याला.

त्याचा खरा अभिमान होता जडसंग्रह नोंदवहीचा. शाळेत न संपणारी, न वाया जाणारी जी वस्तू येते ती त्या जाडजूड वहीत चढते, तिला एक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक पांढऱ्या तैलरंगाने तिच्या बुडावर लिहिला जातो. तराजू, चुंबक, हाडांचा सापळा, सापळ्याचा स्टँड वेगळा. बॅटरीमामाचं अक्षर छापल्यासारखं. क्रमांक घातला की वस्तू पुरी झाली, त्याशिवाय नाही, हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. डोक्यापेक्षा हाताला जास्त, आणि घोटाळा तिथेच झाला. पण तो पुढे.

कर्जाच्या पहिल्याच वर्षी फायनान्स कंपनीने त्याला एक गुळगुळीत पुस्तिका पाठवली. 'छोट्या बचतीतून कर्जमुक्ती'. रोजची बाहेरची कॉफी बंद करा, असं पहिल्याच पानावर. ज्याने जन्मात बाहेरची कॉफी प्यायली नाही त्याने काय बंद करावं? पुढे होतं, वर्षातून एक सहल कमी करा. बायकोने ती पुस्तिका वाचली, पानं जाड आहेत म्हणाली आणि कपाटाच्या फळ्यांवर अंथरली. आणि मग तिने स्वतःची बचत सुरू केली. तिला पुस्तिका लागली नाही. नवऱ्याचे केस घरी कापले. साबणाच्या चिपा एकत्र दाबून नवी वडी केली. टीव्हीचे पैसे भरणं थांबवलं, आणि बंद टीव्हीवर कापड घातलं. दोन बसथांबे चालत जायची आणि वाचलेली नाणी दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकायची. डबा दर महिन्याला भरायचा आणि दर महिन्याला व्याजात जायचा.

दोन हप्ते चुकले तेव्हा वसुलीवाला घरी आला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. खुर्चीवर बसला, वर बघितलं आणि म्हणाला, "सीलिंग छान आहे." बायको आत गेली ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. जाताना तो म्हणाला, "आणखी एक चुकला तर मला शाळेत यावं लागेल, मामा. मलाही बरं वाटणार नाही." फाटकात उभा राहून हा माणूस मुलांना विचारणार, बॅटरीमामा कुठे आहेत. ह्या एका चित्राने बॅटरीमामाची झोप उडाली.

नेमका त्याच आठवड्यात ठेकेदार भेटला. इमारती बांधणारा माणूस. बारा मजले उभे केलेले, पण मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याची पवनचक्की करून द्यायची म्हटल्यावर घाम फुटला. "मामा, तुमच्या हातात कला आहे," तो म्हणाला. आजवर त्याने बॅटरीमामाला नमस्कारसुद्धा केला नव्हता. गरज पडली की लोकांना दुसऱ्याच्या हातातली कला दिसते, एरवी हातसुद्धा दिसत नाहीत.

पवनचक्की झाली. इतकी सुबक झाली की ठेकेदार घाबरला. "असं नको हो. मुलीने केल्यासारखं वाटलं पाहिजे."

तिथे बॅटरीमामाच्या डोक्यात दिवा लागला. दुसऱ्या वर्षापर्यंत त्याने तीन दर ठरवले होते. नुसतं दिसणारं मॉडेल, सगळ्यात स्वस्त. चालणारं, त्याहून महाग. आणि चालणारं पण मुलाने केल्यासारखं, ते सगळ्यात महाग, कारण त्यात मेहनत दुप्पट. आधी नीट करायचं, मग बिघडवायचं. गोंद थोडा बाहेर आलेला हवा. कात्रीची रेघ वाकडी हवी. नावाच्या पाटीवर एक अक्षर चुकलेलं, तेही सहज चुकणारं. हे सगळं तो डाव्या हाताने करायचा. पहिल्यांदा डावा हात भलतंच वाकडं करी, तीन वर्षांच्या पोराने केल्यासारखं. सरावाने तो वयात आला. पाचवीचं, सहावीचं, आठवीचं, हवं त्या इयत्तेचं वाकडं तो काढू लागला.

आणि गिऱ्हाइकं कोण? दाताच्या डॉक्टरीणबाई, वकील, औषधांच्या दुकानाचा मालक. सगळी शिकलेली. मुलांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं पालकसभेत उठून सांगणारी. ती संध्याकाळी तोंड लपवत बॅटरीमामाच्या दारात येत, कोणी ओळखीचं नाही ना हे बघत, आणि खोक्यातून भविष्यातले शास्त्रज्ञ घेऊन जात. बॅटरीमामाला त्यांची किळस यायची. बायकोजवळ तो रोज त्यांना शिव्या घालायचा. "दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मिरवतात, लाज नाही," म्हणायचा.

बायको एकदा फक्त वर छताकडे बघून म्हणाली, "आणि आपण दुसऱ्याचे पैसे आपले म्हणून मिरवले." त्यावर बॅटरीमामा पुठ्ठा कापायला बसला.

तर तिसऱ्या वर्षी नऊ मॉडेलांची कामं आली. नऊच्या नऊ सगळ्यात महागातली. निम्मे पैसे आधी, निम्मे प्रदर्शनानंतर. आधीचे पैसे त्याने हातात येतील तसे फायनान्सच्या खिडकीत भरले. आता राहिले होते नऊ हजार दोनशे. प्रदर्शनानंतरचे नऊ हजार, वरचे दोनशे बायकोच्या डब्यातून, की खेळ खलास. वसुलीवाल्याला दार बंद. पंधरा दिवस त्याने घर म्हणजे कारखाना केला. धरण, ज्वालामुखी, लिफ्ट, रस्त्यावरचे आपोआप लागणारे दिवे. बायको गोंदाची बाटली हातात देत होती आणि पंख्याला हात लागू नये म्हणून हात न उचलता वावरत होती. शेवटच्या दिवशी तो इतका दमला होता की काय करतोय हे त्याला कळत नव्हतं. सगळी मॉडेलं सुकली, तपासली, चालली. मग त्याने बावीस वर्षांच्या सवयीने पांढऱ्या रंगाची डबी उघडली, एकेक उलटं केलं आणि छापल्यासारख्या अक्षरात बुडावर क्रमांक घातले. प्र.शा. ३१२ ते प्र.शा. ३२०. हे काम उजव्या हाताने. वस्तू पुरी झाली, हाताचं समाधान झालं, तो झोपला.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात. परीक्षक म्हणून एक निवृत्त अभियंता बाई आल्या होत्या, जाड चष्मा आणि सपाट चपला. टेबलांवर मॉडेलं, मागे मुलं, मुलांच्या मागे आईबाप. मुलं घोकलेलं म्हणून दाखवत होती आणि आईबापांचे ओठ बरोबरीने हलत होते. अभियंता बाई ठेकेदाराच्या मुलीपाशी आल्या. अकरा वर्षांची, सहावीतली. तिच्यापुढे चालणारं धरण.

"पाणी परत वर कसं येतं गं?" बाईंनी विचारलं.

पोरीने पाठ केलेलं सगळं म्हटलं. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. "खाली काहीतरी आहे," ती म्हणाली. मग तिलाच बघायचं होतं म्हणून तिने ते धरण सरळ उलटं केलं. पाणी टेबलभर झालं आणि बाईंना क्रमांक दिसला. त्यांनी शेजारचा ज्वालामुखी उचलला. तीनशे तेरा. मग लिफ्ट. तीनशे चौदा. चष्मा कपाळावर सरकवून त्या नऊच्या नऊ टेबलांवर फिरल्या आणि प्रत्येक मॉडेल त्यांनी कोंबडीखालची अंडी बघावी तसं उचलून बघितलं.

"ही शाळेची मालमत्ता आहे का?" त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं.

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. ते अक्षर त्या झोपेतही ओळखत. बॅटरीमामाला हाक गेली. तो आला, क्रमांक बघितले, आणि आपल्याच हाताने आपला गळा कापलेला त्याला दिसला. शाळेतल्या नोकराने पालकांकडून पैसे घेणं नियमात बसत नव्हतं. नोकरीवर गदा येणार हे त्याला कळलं.

पण मोठ्या बाई मुरलेल्या होत्या. शाळेची अब्रू आणि नऊ पैसेवाले पालक, दोन्ही त्यांना वाचवायचं होतं. त्यांनी सरळ माईक हातात घेतला. "आमचे मामा फार मायाळू," त्या म्हणाल्या. "मुलांना थोडी मदत करतात. प्रेमाने. विनामूल्य. हो ना, मामा?"

वा! नऊ जणांच्या चेहऱ्यांवर लगेच रंग परतला. पैसे दिले म्हणायची सोय नव्हती, आणि आता उरलेले द्यायचीही गरज नव्हती. एका शब्दात अब्रूही वाचली आणि निम्मे पैसेही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देवमाणूस आहेत हो." वकिलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर बॅटरीमामा हो म्हणणार होता. मान अर्धी हललीसुद्धा होती. नोकरी राहील, पैसे गेले तर गेले, वसुलीवाल्याच्या पाया पडू, एवढा हिशेब त्याने त्या क्षणात केला होता. तेवढ्यात ठेकेदाराला राहवलं नाही. तो म्हणाला, "आम्ही किती आग्रह केला, पण एक पैसा घेतील तर शपथ. आम्ही आपलं घरी बोलावून पोटभर जेवू घालायचो, बस."

जेवू घालायचो! तीन वर्षांत ह्या माणसाने त्याला पाणी विचारलं नव्हतं. धरण घ्यायला आला तेव्हा गाडीतून उतरलाही नव्हता, काच खाली करून खोका आत घेतला होता. बॅटरीमामाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने माईक घेतला.

"धरण, दोन हजार दोनशे," तो म्हणाला. "अकराशे मिळालेत, अकराशे यायचेत. ज्वालामुखी, अठराशे. ह्यातला डावीकडचा उतार मुद्दाम खचवलाय, त्याचे तीनशे धरून. लिफ्ट, दोन हजार. पाटीवरचा 'विज्ञान' चुकलाय, तो मीच चुकवलाय. त्याचे पैसे लावले नाहीत."

असं करत त्याने नऊच्या नऊ सांगितले. कोणी दिले किती, राहिले किती. सभागृहात फक्त टेबलावरून पाणी गळत होतं. मग त्याने माईक मोठ्या बाईंच्या हातात परत दिला आणि फडकं आणायला गेला, कारण पाणी पुसणं हे त्याचंच काम होतं.

संध्याकाळी हातात मेमो पडला. एक वर्षाची पगारवाढ बंद, नोकरी वाचली. ती दयेने वाचली नाही. प्रयोगशाळेची चावी घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पालकांनी मात्र तोंडाला पानं पुसली. कोणी फोन उचलेना. हप्त्याची तारीख आठ दिवसांवर.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "खरं बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "आता हप्ता कशातून भरायचा, तेही खरं सांगा."

सहा दिवस तो शाळेच्या फाटकाकडे बघत नळ्या धुवत होता.

सातव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. वसुलीवाला समजून बायको आत गेली. दारात ठेकेदार होता, बरोबर मुलगी. बॅटरीमामाला वाटलं, भांडायला आलाय. ठेकेदाराने बसा म्हणायची वाट न बघता खुर्ची ओढली आणि खिशातून पाकीट काढलं.

"सगळ्यांचे आहेत. नऊ हजार. ग्रुपवर ठरलं आमचं."

"कसले?" बॅटरीमामाला खरंच कळेना.

"राहिलेले. झालं गेलं विसरा, मामा. तुम्ही पण तापलात, आम्ही पण. आता क्लासवाल्यांची मोठी स्पर्धा आहे पुढच्या महिन्यात, बक्षीस तगडं आहे. परीक्षक आपला माणूस आहे, उलटंपालटं करून बघणारा नाही. हिला नवीन काहीतरी पाहिजे. चालणारं. हिने केल्यासारखं." मग तो जरा पुढे वाकला. "फक्त ते नंबर घालू नका यार."

बघा, म्हणजे लाज वाटली नव्हतीच. सगळ्या गावासमोर भाव सांगितले, तर ह्या लोकांना ती जाहिरात वाटली. चांगला कारागीर कोण, त्याचे दर काय, हे सगळ्यांना एकदम कळलं, एवढंच झालं. बॅटरीमामा सहा दिवस समजत होता की आपण त्यांना उघडं पाडलं. उघडं पडायला आधी काही झाकावंसं वाटावं लागतं.

मुलगी टेबलापाशी गेली होती. तिथे एक उघडा मोटरपंप पडला होता, धरणातलाच, प्रदर्शनात पाणी पुसताना उचलून आणलेला आणि सेलसकट वाळायला ठेवलेला. तिने तो उचलला, फिरवून बघितला, पातं बोटाने ढकललं. सेलच्या तारेची दोन टोकं दिसली तशी तिने ती जिभेला लावली आणि तोंड वाकडं करून हसली.

"मामा, हा उलटा जोडला तर पाणी उलटं जाईल?" तिने विचारलं. "मी करू का ह्या वेळी? तुम्ही नुसतं सांगा. मी रविवारी येते."

बॅटरीमामाने तिच्याकडे बघितलं. बावीस वर्षांत असा प्रश्न त्या प्रयोगशाळेत किती जणांनी विचारला असेल? हाताच्या बोटांवर मोजता येतील.

"रविवारी क्लास आहे तुझा," ठेकेदार म्हणाला. "ठेव ते. हात काळे होतील. असली कामं करायची म्हणून शिकतेस का तू?" आणि बॅटरीमामाकडे वळून हसला. "काय मामा?"

पाकीट टेबलावर होतं. तारीख उद्याची. बॅटरीमामा म्हणू शकला असता की पोरगी येत असेल तर करतो, नाहीतर न्या तुमचं पाकीट. माईकवर जो माणूस बोलला होता तो अजून मेला नव्हता. पण माईकवर बोलला तेव्हा त्याला राग आला होता, आणि आज फक्त गरज होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "क्लास बुडवू नये."

मुलीने पंप खाली ठेवला. ठेकेदाराने नव्या कामाचे आगाऊ पैसेही टेबलावर ठेवले. बॅटरीमामाने ते दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी त्याने फायनान्सच्या खिडकीत सगळं भरलं. खिडकीतल्या पोराने शिक्का मारला, अभिनंदन म्हणाला, आणि तुमचा रेकॉर्ड आता चांगला झालाय, दुप्पट कर्ज मिळू शकतं, असं सांगून एक फॉर्म पुढे सरकवला. बॅटरीमामाने त्या फॉर्मची घडी केली आणि खिडकीतच ठेवली. एवढं एक काम त्याने ताठ मानेने केलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

रविवारी दुपारी तो खाली मान घालून कामाला बसला. उजव्या हाताने सगळं नीट झालं होतं, पंपाने पाणी खालून वर चढत होतं. आता बिघडवायचं राहिलं होतं. त्याने ब्रश डाव्या हातात घेतला आणि तो तसाच थांबला. कडेला एक नळी लावायची होती, आणि ती कुठे चुकवावी हे डाव्या हाताला सुचेना. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"अगं," त्याने आत हाक मारली. "अकरा वर्षांची पोरगी ही नळी कशी लावेल?"

बायको भांडी पुसत दारात आली. नळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"ती विचारत होती ना," ती म्हणाली. "लावू द्यायची होती, म्हणजे कळलं असतं."

ती आत गेली. बॅटरीमामाने जराशी वाकडी करून नळी चिकटवली आणि गोंद थोडा बाहेर येऊ दिला.